आधी रिकामा बार, मग बाकीचं

पत्र :

मी सांगलीत विश्रामबागला राहते. वय ३९, वजन ६८ किलो. पतसंस्थेत काउंटरला आहे, म्हणजे दिवसाचे आठ तास खुर्चीत. दोन मुलं, दोन्ही नॉर्मल डिलिव्हरी. दिवाळीच्या साफसफाईत भरलेला सिलिंडर सरकवताना कंबर धरली ती चार दिवस. डॉक्टर म्हणाले मणका ठीक आहे, पण साखर काठावर आहे, व्यायामाला लागा. जिममध्ये नाव घातलं. भाच्यानं प्रोग्रॅम लिहून दिला : आठवड्यातून तीन दिवस स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग, ओव्हरहेड प्रेस, डेडलिफ्ट, पाचाचे पाच सेट (एका दमात पाच वेळा, असं पाचदा), दर वेळी अडीच किलो वाढवायचे. तीन आठवडे केला. मग ट्रेनर म्हणाला, "मॅडम, आधी ट्रेडमिलवर वजन उतरवा, वेट्स नंतर." मोबाइलवर रोज नवीन प्रोग्रॅम दिसतो, त्यातलेही दोन करून झाले. सासूबाई म्हणतात, बाईनं वजन उचललं की अंग बाहेर येतं. सासरे तालमीत वाढलेले. ते म्हणतात, बैठका मार, लोखंड कशाला. ऑफिसात म्हणतात, पैलवान दिसशील आणि पावडर घेतलीस तर किडनी जाईल. वजनकाटा तर जागचा हललेला नाही. घरात अंडं शिजत नाही, गुरुवारी उपवास असतो. मी नक्की काय करू? आणि बेल्ट, ग्लोव्हज, बूट हे सगळं घ्यावं लागतं का?

— एक वाचक, सांगली

उत्तर :

ताई, भाचा, ट्रेनर, मोबाइल, सासूबाई, सासरे आणि अख्खं ऑफिस. एवढे सल्लागार असताना मी आणखी एक नवा प्रोग्रॅम देणार नाही. भाच्यानं दिलेला चांगला आहे. फक्त तो बहुधा विशीतल्या पोराच्या हिशेबानं लिहिलाय. तो तुमच्या बेताचा करून घेऊ आणि मग तीन महिने त्याला हात लावायचा नाही.

आधी सासूबाईंचं. त्यांना हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्या पिढीत बाळंतपणं जास्त, त्यांत अंतर कमी, अंगात रक्त कमी, आणि बाळंतिणीचे दिवस सरतात न सरतात तोच डोक्यावर पाणी आणि वैरणीचे भारे. त्यात अंग बाहेर आलेल्या बायका त्यांनी डोळ्यांनी पाहिल्या असणार. बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू ताणले जातात, सैल पडतात. वय, जुना खोकला, बद्धकोष्ठतेत कुंथणं, पोटाची चरबी हे सगळं त्यात भर घालतं. बेतानं, पायरीपायरीनं वाढवलेलं वजन ही निराळी गोष्ट आहे. पण तुमच्या दोन डिलिव्हरी झाल्यात, म्हणून तीन गोष्टी स्वतःला विचारा. शिंकताना किंवा उडी मारताना लघवीचे थेंब जातात का? संध्याकाळपर्यंत खाली जड, ओढल्यासारखं वाटतं का? अंघोळीच्या वेळी काही हाताला लागतं का? यातलं एक जरी 'हो' असेल तर वजन वाढवण्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा आणि त्या भागाचे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टचा पत्ता मागा. मिरजेसारखं दवाखान्यांचं गाव तुम्हाला शेजारी आहे. (हे थेंब जाणं बायका वर्षानुवर्षं पॅड लावून काढतात आणि कुणाला सांगत नाहीत. याच्यावर उपाय असतो, आणि तो बहुतेक वेळा व्यायामाचाच असतो.) तिन्ही उत्तरं 'नाही' असतील तर निर्धास्त उचला. वजन वर जाताना श्वास सोडायचा, श्वास कोंडून खाली जोर द्यायचा नाही, एवढं सांभाळा.

ट्रेनरचं म्हणणं मला पटत नाही. आधी वजन उतरवा, मग वेट्स, हा क्रम उलटा आहे. नुसतं कमी खाऊन आणि चालून वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि तुमच्या वयाला गेलेला स्नायू परत मिळवणं सोपं नसतं. तुमची साखर काठावर आहे. रक्तातली साखर सगळ्यात जास्त ओढून घेणारी जागा म्हणजे स्नायू. तो कमी करून साखर कशी आटोक्यात ठेवणार? चालणं सोडा असं मात्र मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली दिलेल्या सूचनांत प्रौढ माणसाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितलीय आणि शिवाय आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. दोन्ही पाहिजे. जिम नसेल त्या दिवशी सकाळी आमराईत अर्धा तास झपाझप चालून या. ट्रेडमिलपेक्षा हवा चांगली असते आणि पैसेही पडत नाहीत.

आता प्रोग्रॅम. दोन दिवसांची जोडी करा. पहिल्या दिवशी स्क्वॉट, बेंच प्रेस, रोइंग. दुसऱ्या दिवशी स्क्वॉट, ओव्हरहेड प्रेस, डेडलिफ्ट. सोमवार, बुधवार, शुक्रवार आलटूनपालटून. म्हणजे एका आठवड्यात पहिला दिवस दोनदा येईल, पुढच्या आठवड्यात दुसरा. गुरुवारचा उपवास त्यात आपोआप मोकळा राहतो. पाच सेट नकोत, तीन पुरेत. डेडलिफ्टचे दोनच. दोन सेटमध्ये दोन ते तीन मिनिटं थांबायचं. जिममध्ये कुणी "थांबू नका, चला चला" म्हणून ओरडलं तर ओरडू दे. ताकद वाढवायची असेल तर ती विश्रांती व्यायामाचाच भाग आहे, तेवढ्या वेळात पाणी प्या. सगळं मिळून पाऊण तास होतो.

पाचाचे सेटही सुरुवातीला आठाचे करा. हलक्या वजनावर आठ वेळा केलं की शरीराला ती हालचाल लवकर कळते. जिममधला मोठा बार, म्हणजे चकत्या लावायचा लोखंडी दांडा, रिकामाच २० किलोचा असतो, हे पुष्कळ ठिकाणी नव्या माणसाला सांगतच नाहीत. नुसत्या बारवर व्यायाम करायला बायकांना लाज वाटते, शेजारचा पोरगा शंभर किलो घेऊन उभा असतो म्हणून दोन चकत्या चढवल्या जातात आणि पंधरा दिवसांत गुडघा नाहीतर कंबर बोलायला लागते. तुम्हाला तर डेडलिफ्ट सोडून बाकीच्या व्यायामांना पहिले काही आठवडे बारसुद्धा नको.

स्क्वॉट असा सुरू करा. मागे गुडघ्याएवढ्या उंचीचं स्टूल ठेवा. पाय खांद्याएवढे रुंद, चवडे जरासे बाहेर वळलेले. पाच किलोचं डंबेल दोन्ही हातांनी छातीशी उभं धरा. खुर्चीवर बसायला जातो तसं मागे-खाली जा, स्टुलाला नुसता स्पर्श झाला की उठा. बसकण मारायची नाही. टाचा जमिनीला चिकटलेल्या. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनं. उठताना ते आत वळायला लागले की त्या दिवसापुरतं वजन जास्त झालं. असे आठाचे तीन सेट साफ निघाले की पुढच्या वेळी साडेसात किलो, मग दहा, मग साडेबारा. तिथून रिकाम्या बारवर जायचं.

बेंच प्रेस, म्हणजे बाकावर उताणं झोपून छातीवरून वजन वर ढकलणं, डंबेलनं सुरू करा. बारवर गेलात की डोक्याशी कुणीतरी उभं असल्याशिवाय करायचं नाही, रिकामा बार असला तरी. रोइंग एका हातानं : एक गुडघा आणि हात बाकावर, दुसऱ्या हातातलं डंबेल कमरेकडे ओढायचं. ओव्हरहेड प्रेस, म्हणजे खांद्यापासून डोक्यावर वजन नेणं, हा बायकांचा सगळ्यात सावकाश वाढणारा व्यायाम. तीन-चार किलोच्या डंबेलपासून सुरू झालं तरी कमीपणा मानू नका.

डेडलिफ्टवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमची कंबर धरली ती नेमकी त्याच हालचालीत. जमिनीवरची जड वस्तू उचलणं किंवा हलवणं, हेच ते. मोठ्या जिममधल्या मोठ्या चकत्यांचा व्यास ४५ सेंटिमीटर असतो, त्यामुळे बार जमिनीपासून साधारण वीतभर वर राहतो. आपल्याकडच्या जिममध्ये पाच किलोच्या लोखंडी चकत्या लहान असतात. त्या लावल्या की बार पार खाली जातो, तिथवर पोचायला पाठ वाकवावीच लागते, आणि नवशिक्याची कंबर तिथेच जाते. म्हणून बारच्या दोन्ही टोकांखाली मोठ्या चकत्या आडव्या रचा नाहीतर लाकडी ठोकळे द्या. बार नडगीच्या मध्यावर आला पाहिजे. नडगीला जवळजवळ टेकून उभं राहा, कंबर मागे ढकला, पाठ सरळ, हात लोंबते. मग उचलायचं म्हणण्यापेक्षा पायांनी जमीन खाली दाबायची. बार मांड्यांना घासत वर येतो, अंगापासून लांब गेला की कमरेवर येतो. पहिल्या दिवशी रिकामा बार, म्हणजे २० किलो, आणि त्याच्या पुढे नाही. कळ पायात उतरली किंवा मुंग्या आल्या तर तिथेच थांबून डॉक्टरांकडे.

भरलेला घरगुती सिलिंडर ३० किलोच्या आसपास भरतो : १४.२ किलो गॅस आणि तेवढंच, जरासं जास्तच, टाकीचं वजन. तीन-चार महिन्यांत तुमचं डेडलिफ्ट ४० ते ५० किलोवर जायला हरकत नाही. या दिवाळीला सिलिंडर सरकवताना दम कोंडायची वेळ येऊ नये, एवढंच आपलं पहिलं ध्येय ठेवा.

दर वेळी अडीच किलो वाढवायचे, हे कागदावर छान दिसतं. हिशेब करून बघा : आठवड्याला तीन वेळा, बारा आठवडे, म्हणजे स्क्वॉटवर ९० किलो वाढले पाहिजेत. असं कुणाचं होत नाही, भाच्याचंही होणार नाही. पहिले काही आठवडे भराभर वाढतं, कारण स्नायू वाढण्याआधी मेंदूला असलेले स्नायू नीट वापरायची सवय लागते. नंतर वेग मंदावतो. त्यात आणखी एक अडचण : सर्वांत लहान चकती पुष्कळ ठिकाणी अडीच किलोची, दोन्ही बाजूंना लावली की एकदम पाच किलो. प्रेसला हे फार होतं. तेव्हा आधी वेळा वाढवा. आठाचे दहा करा, दहाचे बारा, आणि तिन्ही सेटमध्ये बारा झाले की वजन वाढवून पुन्हा आठावर या. कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर अर्धा-अर्धा किलोच्या चार चकत्या कातून घ्या. आयुष्यभर पुरतील, आणि जिममधल्या चार बायका तुम्हाला दुवा देतील.

सेट संपला तेव्हा आणखी दोन वेळा झालं असतं, असं वाटलं पाहिजे. हातपाय थरथरेपर्यंत करायचं नाही. एकाच वजनावर लागोपाठ तीनदा अडकलात तर १० टक्के कमी करा आणि पुन्हा चढा. मार्चअखेरीला तुमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते; त्या पंधरवड्यात दोन दिवस गेलात तरी चालेल, एक दिवस गेलात तरी. आठवडाभर पूर्ण खाडा पडला तर परतल्यावर जुन्या वजनावर उडी मारू नका.

आणि वही. चाळीस पानी वही घ्या, मोबाइल नको, कारण मोबाइल उघडला की पुन्हा नवा प्रोग्रॅम दिसणार. तारीख, व्यायाम, वजन, तीन सेटचे आकडे आणि एखादी ओळ : "स्क्वॉट १०, ८-८-७. तिसऱ्यात डावा गुडघा आत." बस्स. तुमच्या पतसंस्थेत पिग्मीचं खातं चालतं तसं हे आहे. रोजची रक्कम चिल्लर असते, म्हणून मध्येच मोडून दुसरीकडे टाकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मोबाइलवरच्या पोरांना रोज काहीतरी नवीन दाखवावं लागतं, तो त्यांचा धंदा आहे. तुम्हाला तेच ते कंटाळवाणं काम करायचंय.

सासऱ्यांचं अर्ध बरोबर आहे. बैठकांनी दम वाढतो, मांड्या चिवट होतात. पण तीस-चाळीस बैठका सहज निघायला लागल्या की पुढच्या बैठकांनी दम वाढत राहतो, ताकद फारशी वाढत नाही, कारण वजन तेच राहतं. तालमीतला पैलवान नुसत्या बैठकांवर कधीच नव्हता. त्याला रोज मातीत समोरच्याचं अंग उचलावं लागायचं, आणि समोरचा दिवसेंदिवस भारी मिळायचा. हिंदकेसरी मारुती माने तुमच्याच जिल्ह्यातले, कवठेपिरानचे; सासऱ्यांना त्यांच्या जोडीदारांबद्दल विचारा, तासभर बोलतील. जिमला जायच्या आधी त्यांच्या देखत दहा बैठका मारा. अंगही गरम होतं आणि घरातला एक विरोधक कमी होतो. गुडघा दुखत असेल तर मात्र सोडून द्या.

पैलवान दिसण्याची भीती तर सांगलीत कुणी घालूच नये. वेटलिफ्टर संकेत सरगर तुमच्या गावचा. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यानं रौप्यपदक घेतलं, तेही ५५ किलो शरीरवजनाच्या गटात. एका झटक्यात ११३ किलो डोक्यावर नेले त्यानं. त्याची बहीण काजोल हिनं त्याच वर्षी खेलो इंडिया युथ गेम्समध्ये सोनं मिळवलं, ४० किलोच्या गटात. चाळीस! वर्षानुवर्षं लोखंड उचलणारी पोरगी जर त्या गटात बसते, तर आठवड्यातून तीनदा पाऊण तास डंबेल उचलून तुमचे दंड ब्लाउजच्या बाहेर येतील, हे ऑफिसातल्यांनी कुठून काढलं?

वजनकाटा तीन आठवड्यांत हलत नाही, आणि हलला तरी ते बहुधा पाणीच असतं. महिन्यातून एकदा सकाळी बेंबीपाशी टेप लावून कमर मोजा आणि वहीत लिहा. तीन महिन्यांनी साखर पुन्हा तपासा. एचबीएवनसी ही चाचणी साधारण तेवढ्याच काळाची सरासरी दाखवते.

खाण्याचं थोडं मोजून करावं लागेल. व्यायाम करणाऱ्याला दर किलो वजनामागे रोज १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं धरतात. तुम्हाला ८० ते ११० ग्रॅम. सुरुवातीला ८० गाठा. आपल्या ताटात भाकरी आणि भात पोटभर असतो, आमटी मात्र पाणीदार. ती घट्ट करा आणि वाटी दोनदा भरा. एका वाटीत सहा-सात ग्रॅम मिळतात. म्हशीचं मोठा पेलाभर दूध नऊ-दहा. शंभर ग्रॅम पनीर अठराच्या आसपास. मोड आलेली मटकी, दही, पिठलं चालूच ठेवा. सगळ्यांत स्वस्त म्हणजे सोयाबीनच्या वड्या : कोरड्या ५० ग्रॅममध्ये २५ ग्रॅम. शेंगदाण्यात प्रथिनं चांगली, पण तेल त्यांच्या जवळजवळ दुप्पट, तेव्हा मूठभर. भडंगात शेंगदाणे असतात म्हणून भडंग प्रथिनांत धरायचं नाही. हे मी सांगलीकरांना सांगून थकले. गुरुवारी साबुदाण्याच्या खिचडीवर राहिलात तर दिवस कोरडा जातो, साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच. त्या दिवशी दूध, दही, राजगिरा घ्या. बाहेर अंडी खात असाल तर दोन अंड्यांत बारा ग्रॅम; घरात सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

पावडर म्हणजे बहुतेक वेळा दुधातलंच प्रथिन, सुकवून डब्यात भरलेलं. निरोगी किडनी या प्रमाणानं बिघडत नाही. किडनीचा आजार आधीपासून असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून एकदा क्रिएटिनिन तपासून घ्या. नाहीतरी साखरेसाठी रक्त द्यायचंच आहे. वरच्या जेवणात ८० ग्रॅम होत असतील तर पावडरीवर पैसे घालवू नका.

पहिल्या आठवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, जिना उतरताना कठडा धरावा लागेल. हे दुखणं स्नायूभर पसरलेलं, बोथट असतं आणि चार दिवसांत जातं. सांध्यात एका जागी सुईसारखं टोचलं, छातीत दाबल्यासारखं झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तो व्यायामाचा भाग नव्हे. थांबायचं आणि दाखवायचं.

राहिली खरेदी. बेल्ट आत्ता नको. तो लावायची वेळ अजून पुष्कळ लांब आहे. बूट सपाट तळव्याचे हवेत. पळायच्या बुटांचा गुबगुबीत तळवा स्क्वॉटला डगमगतो. मुलाचे जुने कॅनव्हासचे पीटीचे बूट मापाचे निघाले तर तेच घाला. ग्लोव्हजनं ताकदीत फरक पडत नाही, हाताला घट्टे पडतात ते चुकतात. घट्टे नको असतील तर घ्या.